गरम जॉब मोजू नये

बेंगळुरूच्या पीण्यात सिनेमाचा नायक भिंतीवर कमी आणि ऑटोच्या पाठीवर जास्त भेटतो. तुमकूर रोडवर सिग्नल लागला की पुढच्या ऑटोवर कन्नड नट शंकर नाग हटकून असतो. कधी खाकी शर्टात, कधी नुसता चेहरा, खाली कन्नडमध्ये एखादी ओळ. ‘ऑटो राजा’ हा त्याचा सिनेमा 1980 चा. 30 सप्टेंबर 1990 ला दावणगेरेजवळ मोटार अपघातात शंकर नाग गेला, तेव्हा तो पस्तीस वर्षांचा होता. त्यानंतर जन्मलेली पोरं आज ऑटो चालवतात आणि गाडी दारात आली की आधी त्याचा फोटो लावतात. अशाच एका पोराला विचारलं, तुझ्या जन्माआधी गेलेल्या माणसाचं तुला एवढं काय रे? तो म्हणाला, “अक्का, आमचा खाकी शर्ट घालून तो हिरो झाला.” बस्स. सिनेमाची गोष्ट मात्र त्याला धड सांगता येईना. बापाबरोबर कधीतरी टीव्हीवर बघितला होता म्हणे.

आम्हा बेळगावकडच्यांना शंकर नाग परका नव्हे. होन्नावरकडचा माणूस, मुंबईत मराठी नाटकांत रमला, ‘22 जून 1897’ या मराठी चित्रपटाच्या लेखनातही त्याचा हात होता. बेंगळुरूला मेट्रो हवी, हे तो ऐंशीच्या दशकात बोलत असे. 2014 च्या मार्चमध्ये ती मेट्रो पीण्यापर्यंत आली. आता ‘पीण्या इंडस्ट्री’ स्टेशनावर सकाळच्या शिफ्टचा लोंढा उतरतो आणि खाली उभ्या ऑटोंकडे धावतो, त्यातल्या निम्म्या ऑटोंवर तोच असतो. पडद्यावरच्या त्याच्या मारामाऱ्या लोक विसरले. खाकी शर्टाचा मान आणि मेट्रो तेवढी उरली. सिनेमा बघून माणूस काय शिकतो याचा विचार मी करू लागले तो या ऑटोंच्या मागं बसून. तिकीटबारीपाशी जे कळल्यासारखं वाटतं ते टिकतंच असं नाही, आणि जे टिकतं ते कळायला कधीकधी बाप आणि मुलगा अशा दोन पिढ्या जातात.

माझं पोट मोजण्यावर चालतं. मी क्वालिटीत आहे. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस वसवलेल्या पीण्याच्या या औद्योगिक वसाहतीत लहान युनिटं हजारोंनी आहेत. पत्र्याची शेड, अर्धं वर केलेलं शटर, दारात बर आणि चिपांचं पिंप, आत कूलंटचा आंबूस वास. आयटीआयतून नवा पोरगा आला की आमच्याकडे त्याला पहिला नियम शिकवतात: गरम जॉब मोजू नये. कागदावरचं सगळं माप 20 अंश तापमानाला धरलेलं असतं, आणि मशीनवरून नुकताच उतरलेला जॉब तापलेला, म्हणजे फुगलेला असतो. पोलादी जॉबमधला 50 मिलिमीटरचा बोअर, म्हणजे भोक, घ्या. त्याला मुभा असते 25 मायक्रॉनची. जॉब 30 अंशांनी जास्त गरम असेल तर तेवढ्यानंच बोअर साधारण 17 मायक्रॉन मोठा होतो. माणसाच्या केसाची जाडी सत्तरेक मायक्रॉन धरली तर हा फरक केसाच्या चौथ्या हिश्श्याएवढा. डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागत नाही.

पण गेजला लागतो. नवा पोरगा हौसेनं गरम जॉबमध्ये प्लग गेज सोडतो. आत जायलाच हवी ती ‘गो’ची बाजू लोण्यात सुरी जावी तशी आत जाते, जाऊ नये ती ‘नो-गो’ अडते. पोरगा खूश होऊन टिक मारतो, ट्रे भरतो, घरी जातो. सकाळी तेच जॉब गार झालेले असतात. आता ‘गो’ची बाजू तोंडाशीच अडते. पोरगा गेजकडे संशयानं बघतो, जोर लावू बघतो, मग जॉब पुसून पुन्हा बघतो. वाकडं कुणी वागलेलं नसतं. गेज बरोबर, मशीन बरोबर, पोराचे डोळेही बरोबर. चुकीची असते ती वेळ.

हा नियम मशीनपुरताच आहे असं मला बरीच वर्षं वाटत होतं. मग आमच्या घरी ‘बंगारद मनुष्य’ लागला.

1972 चा हा कन्नड चित्रपट, सिद्धलिंगय्यांनी काढलेला, टी. के. रामराव यांच्या कादंबरीवरचा. त्यात डॉ. राजकुमार राजीव झालेत. विधवा बहिणीचा संसार सावरायला राजीव खेड्यात येतो, खडकाळ माळ फोडून शेती करतो, भाच्यांना मोठं करतो. हा सिनेमा बघून शिकलेली पोरं शहर सोडून शेतीकडे वळली, असं कर्नाटकात आजही सांगतात. आमचे हे खानापूर तालुक्यातले, पीण्यातच प्लेटिंगच्या कामावर. वीस वर्षं नाकात ॲसिडचा वास घेतलेला माणूस. सिनेमा संपला तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते. यांनी डोळे पुसले आणि गावी धाकट्या भावाला फोन लावला. “बाळ्या, शेत कुणाला लावणीनं देऊ नको. मी येतोय.”

पलीकडून भाऊजींचा झोपाळलेला आवाज मलाही ऐकू आला. “दादा, बरं हाय न्हवं तुला?”

फोन ठेवल्यावर हे माझ्याकडे वळले. चेहरा असा उजळला होता की लग्नात सुद्धा तेवढा पाहिला नसेल. माझ्या तोंडात प्रश्न तयार होते: विहिरीला उन्हाळ्यात पाणी किती राहतं, घराचे हप्ते कोण भरणार, पोरीची बारावी. विचारले असते तर त्या रात्री आमचं कडाक्याचं भांडण झालं असतं आणि आठ दिवस अबोला. मी म्हटलं, “अहो, झोपा आता. सकाळी बोलू.” शहाणपणा म्हणून नव्हे. सकाळी माझी फर्स्ट शिफ्ट होती, साडेपाचला उठायचं होतं.

सकाळी बोलणं झालं नाही. झालं ते रविवारी, भाकरी थापता थापता. तोवर शेतीचा ताव उतरला होता, पण सिनेमा यांच्या डोक्यातून उतरला नव्हता. हे म्हणाले, “अगं, तो राजीव शेवटी घर सोडून जातो. ज्यांच्यासाठी राबला त्यांनीच संशय घेतला, आणि हा एका शब्दानंही काही न बोलता चालायला लागला. सगळे त्याला देवमाणूस म्हणतात. मला वाटतं, त्यानं बोलायला पाहिजे होतं.” मग बराच वेळ गप्प. मग म्हणाले, “बाळ्याला मी दरवर्षी पैसे पाठवतो. हिशेब कधी विचारला नाही. तो चांगुलपणा नव्हता. मनात कुठंतरी मी त्याला चोर धरून बसलो होतो.”

तव्यावरची भाकरी करपली, पण मी बोलले नाही.

दुसरा फोन गेला तो निराळाच होता. बाळ्या, तुझं कसं चाललंय, शेत तुला झेपतंय का, काजू लावायचे म्हणत होतास त्याचं काय झालं. भाऊजी आधी बिचकले, मग तासभर बोलत राहिले. बोअरवेलला पाणी लागलं नव्हतं, त्याचं कर्ज दादाला कळू नये म्हणून त्यांनी जाऊबाईंच्या पाटल्या गहाण ठेवल्या होत्या. ज्या सिनेमानं रात्री अकराला ‘गावाकडे चल’ असं सांगितलं, त्यानंच रविवारी ‘भावाशी बोल’ असं सांगितलं. सिनेमा तोच. मधले चार दिवस एवढाच फरक. आम्ही गावाला गेलो नाही. पाटल्या मात्र सुटल्या.

मराठी माणसाचा इथला हक्काचा हिरो म्हणजे रजनीकांत. शिवाजीराव गायकवाड, 1950 साली बेंगळुरूतल्या मराठी घरात जन्मलेला, शहरबसचा कंडक्टर. पीण्यात कोल्हापूर-निपाणीकडचे चार जण चहाला जमले की ‘आपला शिवाजीराव’ निघतोच. त्यातून काढायचा धडाही ठरलेला: कंडक्टर सुपरस्टार होतो, मग आपण का नाही? सिगारेट हवेत उडवून ओठांत झेलणारा तो माणूस बघून पोरांचं रक्त तापतं, यात वावगं काही नाही. पण ऑक्टोबर 2021 मध्ये दिल्लीत दादासाहेब फाळके पुरस्कार घेताना त्यानं जी नावं घेतली ती ऐकण्यासारखी होती. गुरू के. बालचंदर, थोरले भाऊ सत्यनारायणराव आणि राज बहादूर. हे राज बहादूर त्याच्याच बसवरचे ड्रायव्हर. तुझ्यात काहीतरी आहे, मद्रासला जा, असं म्हणत त्यांनी मित्राला अभिनय शिकायला धाडलं आणि त्याच्या खर्चाला हातभार लावला. 1975 साली ‘अपूर्व रागंगळ’मधून तो पडद्यावर आला, राज बहादूर बस चालवत राहिले.

आता त्या चहाच्या टपरीवर आपण सगळेच स्वतःला शिवाजीराव समजून बसलेलो असतो. नीट हिशेब केला तर शिवाजीराव एखादा, आणि राज बहादूर व्हायची संधी बहुतेकांना. शेजारच्या मशीनवरच्या पोराला डिप्लोमा करायचा आहे, संध्याकाळच्या वर्गासाठी त्याची सेकंड शिफ्ट कुणीतरी घ्यायला हवी. हे कुणाला पडद्यावर दिसत नाही, कारण यात पार्श्वसंगीत वाजत नाही.

काही सिनेमे गार व्हायला वर्षं घेतात. जब्बार पटेलांचा ‘उंबरठा’ 1982 चा. मी तो पहिल्यांदा बघितला तेव्हा कॉलेजात होते. स्मिता पाटीलची सुलभा नवरा, मुलगी, सुखवस्तू घर मागे ठेवून महिलाश्रमाची अधीक्षक म्हणून निघते, तेव्हा मी मनोमन ठरवून टाकलं होतं की बाई असावी तर अशी. नवऱ्याच्या भूमिकेत गिरीश कर्नाड होते, त्यांचा मला इतका राग आला की पुढं त्यांचं नाटक वाचायला घेताना हात अडखळला. मध्यंतरी तो सिनेमा पुन्हा बघितला, आता माझी मुलगी सुलभाच्या मुलीपेक्षा मोठी आहे. नवऱ्याला मी अजूनही माफ केलेलं नाही. पण या वेळी डोळा जावेवर गेला, जी सुलभाच्या मुलीला आईच्या मायेनं सांभाळते. पहिल्या वेळी ती मला दिसलीच नव्हती. उंबरठ्याबाहेर पडणारीची गोष्ट सांगताना आत राहून तिचं मूल वाढवणारीचं माप आपण घेत नाही. मी शिफ्टला जायची तेव्हा माझ्या पोरीला सासूबाईंनी वाढवलं. सिनेमा बघून उठल्यावर मी त्यांना बेळगावचा कुंदा आणून दिला. त्यांनी विचारलं, “आज काय विशेष?” सिनेमाचं सांगून समजलं नसतं. म्हटलं, “काही नाही, आठवण झाली.”

यावर कुणी म्हणेल, सगळंच गार करून बघत बसायचं तर माणसानं तापायचं कधी? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मला सिनेमात सापडलं नाही, रस्त्यावर सापडलं. एप्रिल 2016 मध्ये केंद्र सरकारच्या नव्या नियमानं भविष्यनिर्वाह निधीतला मालकाचा वाटा 58 व्या वर्षापर्यंत अडकणार, असं कळलं आणि बेंगळुरूच्या गारमेंट कारखान्यांतल्या बाया कामं टाकून बाहेर पडल्या. होसूर रोडपासून आमच्या जालहळ्ळी क्रॉसपर्यंत रस्ते भरले. पुढारी असा कुणी नव्हता. काही ठिकाणी हिंसाही झाली, लाठ्या चालल्या. 18 आणि 19 एप्रिल, दोन दिवसांत केंद्रानं तो नियम मागे घेतला. त्या बायकांनी ‘आधी गार होऊ, मग बघू’ म्हटलं असतं तर त्यांचे पैसे अडकले असते.

तापलेल्या लोखंडावरच घाव घालतात, हे लोहाराला कुणी शिकवावं लागत नाही. ‘साधी माणसं’मधलं लोहाराचं जोडपं आमच्या आईच्या पिढीला तोंडपाठ होतं, 1965 चा भालजी पेंढारकरांचा तो चित्रपट, संगीत ‘आनंदघन’ या नावानं लता मंगेशकरांचं. आई भाता ओढल्यासारखी मान हलवत त्यातलं गाणं गुणगुणायची. गार लोखंडावर कितीही घण घाला, हात दुखतात आणि लोखंड आहे तसंच राहतं. म्हणजे ताप हवाच. घडवायचं ते गरम असताना. मोजायचं ते गार झाल्यावर. गोंधळ होतो तो ही दोन कामं एकाच वेळी करायला गेल्यावर: सिनेमागृहातून निघता निघता आपण आयुष्याचं माप काढतो, भांडणाच्या भरात नवऱ्याचं, सासूचं, भावाचं. आणि अन्याय समोर उभा असतो तेव्हा मात्र फूटपट्टी काढून बसतो.

सिनेमाकडून मी आता ताप घेते, माप मागत नाही. तो रडवतो तेव्हा रडून घ्यावं, चिडवतो तेव्हा चिडावं, त्यात काटकसर करू नये. फक्त त्या रात्री राजीनामा लिहू नये, कुणाला कायमचं चांगलं किंवा वाईट ठरवू नये, आणि गावी फोन करायचाच झाला तर ‘कसा आहेस’ एवढंच विचारावं. आमच्या ह्यांना हे पटलंय असं ते सांगतात. पण परवा ‘बंगारद मनुष्य’ पुन्हा लागणार असल्याचं कळलं, तेव्हा मी त्यांचा मोबाईल आधीच चार्जिंगला लावून आतल्या खोलीत ठेवून दिला.