चारकोपचे अंगण आणि दुकानाचा उंबरठा

कांदिवली पश्चिमेला नवीन लिंक रोड ओलांडला की चारकोपची वस्ती सुरू होते. आपल्या वाचकांपैकी अनेकांचे आप्त शेजारच्या महावीर नगरात राहतात. पण खरेदीला, मुलीच्या सासरी किंवा ओळखीच्या पेढीवर जाण्यापलीकडे चारकोप फारसे कुणी पाहिलेले नसते. मेट्रोच्या डहाणूकरवाडी स्थानकावर उतरून सेक्टरांच्या क्रमांकांच्या पाट्या वाचत पश्चिमेकडे निघावे. बैठ्या आणि एक-दोन मजली घरांच्या रांगा, त्यांच्यामध्ये निमुळत्या वाटा, मधूनच एखादे मोकळे चौकोनी अंगण, त्यात तुळस, सायकली आणि वाळत घातलेले पापड दिसतात. टोकाला जुने चारकोप गाव आहे, आणि त्यापलीकडे खाडी व तिवरांचे रान. मुंबईच्या उपनगरात इतके आकाश अजूनही दिसते, याचे नवल वाटते.

हे आकाश योगायोगाने राहिलेले नाही. १९८५ साली जागतिक बँकेच्या कर्जसाहाय्याने मुंबई नागरी विकास प्रकल्प सुरू झाला आणि म्हाडाने चारकोप, गोराई यांसारख्या ठिकाणी सुविधायुक्त भूखंडांची योजना राबविली. कल्पना साधी होती. सरकारने तयार घर देण्याऐवजी पाणी, गटारे, रस्ते व दिवाबत्ती यांची सोय केलेला लहानसा भूखंड द्यायचा. घर ज्याने त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे आणि सवडीप्रमाणे बांधायचे. अल्प उत्पन्न गटांसाठीचे भूखंड २५, ३० आणि ४० चौरस मीटरांचे होते. साधारण पस्तीस कुटुंबांची एक सहकारी गृहनिर्माण संस्था आणि त्या संस्थेचे मिळून एक अंगण, अशी मांडणी केली गेली. मोठे भूखंड व व्यापारी जागा यांच्या विक्रीतून लहान भूखंडांचा भार हलका करण्याचीही तजवीज होती. आपल्या समाजात सधनाने निर्धनाचा वाटा उचलण्याची जी रीत आहे, तिचेच हे सरकारी हिशेबातले रूप म्हणता येईल.

१९९० च्या दशकात हा प्रकल्प संपला, तेव्हा तो फारसा यशस्वी मानला गेला नव्हता. पुढे वीस वर्षांनी अभ्यासकांनी मुंबई आणि चेन्नईतील अशा वसाहती पुन्हा पाहिल्या, तेव्हा त्यांचे मत बदलले. घरे वाढली होती, वस्ती संमिश्र झाली होती आणि दुकाने उभी राहिली होती. त्या दुकानांत आपल्या बांधवांचीही आहेत. कुणी तळमजल्यावर किराणा मांडला, कुणी स्टीलची भांडी, कुणी साड्या आणि ड्रेस मटेरियल. गिऱ्हाईक समोरच्या अंगणातून चपला पायात सरकवून यायचे, उधारीची वही गल्ल्याशेजारी असायची आणि माल सकाळी टेम्पोतून दारात उतरायचा. दुकानाला ना पाटीची गरज होती, ना वाहनतळाची.

आज याच दुकानांत बसल्यावर पहिला विषय निघतो तो जागेचा. शेजारच्या संस्थेचा पुनर्विकास सुरू झाला आहे, पत्रे लागले आहेत, रेती आणि सळयांचे ट्रक उभे आहेत. आणि जिथे गिऱ्हाईक दोन मिनिटे स्कूटर लावत असे, तिथे आता पाय ठेवायला जागा नाही. भांड्यांचे दुकान चालविणारे एक मध्यमवयीन गृहस्थ मला म्हणाले, “काका, गिऱ्हाईक भावासाठी भांडत नाही हो. गाडी लावायला जागा मिळाली नाही की सरळ पुढे निघून जाते. गेलेले गिऱ्हाईक आपल्याला दिसतसुद्धा नाही.” हे त्यांचे शेवटचे वाक्य व्यापाऱ्याने नीट ऐकण्यासारखे आहे. चोरी झाली तर कळते, माल खराब झाला तर कळते. न आलेल्या गिऱ्हाइकाची नोंद मात्र कोणत्याच वहीत होत नाही.

ही नोंद होते ती बँकेत, आणि तीही उशिरा. विक्री मंदावली की माल पडून राहतो. स्टॉक स्टेटमेंटमध्ये साठा भरपूर दिसतो, पण तो जुना झाला की बँक त्यावर पूर्वीइतकी उचल देत नाही. कॅश क्रेडिट खात्यावरचे व्याज मात्र दर महिन्याला लागतच राहते. बांधकाम तीन-चार वर्षे चालले, तर चांगली चालणारी पेढीही या कात्रीत सापडू शकते. नोकरीच्या काळात मी असे प्रस्ताव तपासले आहेत. दुकानाची जागा, साठा आणि येणी यांचे मूल्य कागदावर मांडता येते. परंतु पंचवीस वर्षे त्याच उंबरठ्यावर येणाऱ्या माणसांची सवय ताळेबंदात कुठेच बसत नाही. तीच खरी पुंजी असते, आणि बांधकामाच्या काळात प्रथम तिलाच धक्का बसतो.

पुनर्विकास नको, असे म्हणणे योग्य होणार नाही. घरे जुनी झाली आहेत, कुटुंबे वाढली आहेत, वृद्धांना उद्वाहकाची गरज आहे. विकास नियंत्रण नियमावली २०३४ मधील ३३(५) या तरतुदीनुसार म्हाडाच्या वसाहतींना ३ इतका चटईक्षेत्र निर्देशांक मिळतो. म्हणजे भूखंडाच्या क्षेत्राच्या तिप्पट बांधकाम होऊ शकते. जिथे पस्तीस कुटुंबे राहत होती, तिथे त्यांच्या जोडीला विक्रीच्या सदनिकांत नवी कुटुंबे येणार. व्यापाऱ्याच्या दृष्टीने ही गिऱ्हाइकांची वाढ आहे. मग दुकानदाराला भीती का वाटते?

तिचे कारण वाहनतळाच्या गणितात आहे. नियमावलीप्रमाणे ४५ चौरस मीटरपर्यंत चटईक्षेत्र असलेल्या चार सदनिकांमागे वाहनासाठी किमान एक जागा ठेवावी लागते; ४५ ते ६० चौरस मीटरच्या दोन सदनिकांमागे एक, ६० ते ९० च्या प्रत्येक सदनिकेमागे एक आणि त्याहून मोठ्या सदनिकेमागे दोन. जुन्या पस्तीस सभासदांना लहान सदनिका मिळाल्या, तर त्या सर्वांसाठी मिळून किमान नऊ जागा पुरतात. नव्या मोठ्या सदनिकेच्या खरेदीदाराची मोटार आत उभी राहील. जुन्या सभासदाच्या मुलाने कर्ज काढून घेतलेली मोटार रस्त्यावर येईल, आणि रस्त्यावर म्हणजे दुकानापुढे. लहान दुकानासाठी तर वेगळी जागा ठेवण्याची सक्तीही नाही. म्हणजे इमारत पूर्ण झाल्यावर अडचण आपोआप मिटेल, ही आशा आकड्यांवर टिकत नाही.

एक माप लक्षात ठेवण्यासारखे आहे. मोठ्या मोटारीसाठी नियमाने २.५ मीटर रुंद आणि ५.५ मीटर लांब जागा लागते, म्हणजे १३.७५ चौरस मीटर. चारकोपच्या सर्वांत लहान भूखंडाचे क्षेत्र २५ चौरस मीटर. ज्या जागेत एक कुटुंब वाढले, मुले शिकली, लग्ने झाली, तिच्या निम्म्याहून अधिक जागा एक उभी मोटार अडविते. ही वसाहत पायी चालणाऱ्यांसाठी आखली होती, हे या एका भागाकारातून स्पष्ट होते. तिच्यात मोटारींची भर कितीही घातली, तरी जागा पुरी पडणार नाही.

आणि मोटारी वाढणारच आहेत. वर्सोवा ते दहिसर या नियोजित सागरी मार्गाच्या टप्प्यांत चारकोपचे नाव दोनदा येते : मालाडच्या माइंडस्पेसपासून चारकोपपर्यंतचे बोगदे आणि चारकोपहून गोराईकडे जाणारा पुढचा टप्पा. दुसऱ्या बाजूला मेट्रोची २अ मार्गिका आहे. २ एप्रिल २०२२ रोजी तिचा पहिला टप्पा सुरू झाला तेव्हा डहाणूकरवाडी हे तिचे शेवटचे स्थानक होते; जानेवारी २०२३ पासून ती अंधेरी पश्चिमेपर्यंत जाते. संध्याकाळी त्या स्थानकातून उतरणारा माणूस पायी घरी जातो, आणि वाटेत भाजी, दूध, फरसाण घेतो. तो मोटारीतून आलेल्या गिऱ्हाइकाइतकी मोठी खरेदी करीत नाही, पण रोज करतो. चारकोपच्या दुकानदाराने आपले भविष्य या पायी येणाऱ्या माणसात शोधावे, असे मला वाटते.

यासाठी प्रथम एक कटू गोष्ट बोलावी लागेल. सकाळी दहाला दुकान उघडताना शटरसमोर जी पहिली गाडी उभी राहते, ती बहुधा दुकानदाराची स्वतःची किंवा नोकराची असते, आणि रात्री दुकान बंद होईपर्यंत ती हलत नाही. त्याच जागेत वीस-वीस मिनिटांसाठी गाड्या लागल्या, तर दहा तासांत तीस गिऱ्हाइके येऊन जातील. अमेरिकेतील पासाडेना या शहराच्या जुन्या बाजारपेठेत १९९३ साली रस्त्याकडेच्या वाहनतळावर मीटर बसविले गेले. त्याआधी तिथेही दुकानांचे मालक व नोकरच दिवसभर जागा अडवीत. मीटरमुळे गिऱ्हाईक तुटेल, म्हणून व्यापाऱ्यांनी विरोध केला. मीटरचे उत्पन्न याच पेठेच्या पदपथांवर, दिव्यांवर व झाडांवर खर्च होईल, असे ठरल्यावर त्यांनी संमती दिली आणि ओस पडू लागलेली ती पेठ पुन्हा गजबजली. आपल्याकडे नगरपालिकेने असे करावे, याची वाट पाहण्याचे कारण नाही. एका रांगेतील दहा दुकानदारांनी आपापली वाहने दूर लावण्याचे ठरविले, तर कोणताही खर्च न होता उद्यापासून बदल दिसेल.

दुसरी गोष्ट कागदपत्रांची. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाने सहकारी संस्थांच्या पुनर्विकासाची कार्यपद्धती नव्याने ठरवून दिली आहे. तीत सभासदांच्या सभेला आणि बहुमताला निर्णायक स्थान आहे. ज्याचे दुकान मालकीचे आणि नाव सभासदांच्या यादीत आहे, त्याने या सभेत बोलले पाहिजे. आपले बांधव सभेला जातात, पण ‘आपण व्यापारी, कशाला वाईटपणा घ्यायचा’ म्हणून गप्प बसतात आणि पुढे नकाशा मंजूर झाल्यावर तक्रार करतात. नवे दुकान रस्त्याच्या बाजूला येणार की आत, दर्शनी रुंदी किती, वाहनांच्या प्रवेशाचा उतार दुकानासमोर येतो का, माल उतरविण्याची जागा व वेळ कोणती, बांधकामाच्या काळात पर्यायी गाळ्याचे भाडे आणि धंद्याच्या नुकसानीची भरपाई किती, हे मुद्दे करारात लेखी यावेत. तोंडी आश्वासनावर बँक कर्ज देत नाही. व्यापाऱ्याने आपले दुकान तरी का द्यावे?

जे भाड्याच्या किंवा लिव्ह अँड लायसन्सच्या गाळ्यात बसतात, त्यांची स्थिती अधिक नाजूक आहे. सभेत त्यांना मत नसते. त्यांनी मालकाशी आधीच बोलून, परत येण्याचा हक्क व अटी लिहून घ्याव्यात.

वाहनतळाच्या विक्रीबाबतही सावध राहावे. दहिसर पूर्वेच्या आनंद नगरातील एका गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१० रोजी निर्णय दिला की इमारतीखालील खांबांमधील वाहनतळाची जागा विकासकाला स्वतंत्रपणे विकता येत नाही. ती सामाईक मालमत्ता आहे. तिचे वाटप संस्थेने करावयाचे असते. आत किती जुन्या सभासदांच्या गाड्या मावतील, यावर बाहेर दुकानासमोर किती उभ्या राहतील हे ठरते; म्हणून दुकानदारानेही या वाटपाच्या चर्चेत रस घेतला पाहिजे.

स्वतःच पुनर्विकास करणाऱ्या संस्थांना अधिक वाव असतो. चारकोपमधीलच श्वेतांबरा या संस्थेने मुंबई जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेच्या अर्थसाहाय्याने स्वयंपुनर्विकास केला, आणि २०२५ साली मुख्यमंत्र्यांच्या हस्ते सभासदांना घरांच्या किल्ल्या मिळाल्या. जिथे नकाशा सभासद स्वतः आखून घेतात, तिथे गाळे, पदपथ आणि अंगण यांचा विचार त्यांना आधीच करता येतो. हिशेब, कर्ज आणि निविदा या विषयांत आपल्या समाजातील अनेकांचा हात बसलेला आहे. ते कौशल्य आपल्या संस्थेच्या समितीला देणे हीदेखील सेवाच आहे.

आपल्या वाचकांना जवळची वाटेल अशी आणखी एक बाब आहे. चातुर्मास संपला की साधू-साध्वीजींचा विहार सुरू होतो. पहाटेच्या अंधुक प्रकाशात अनवाणी चालणाऱ्या महाराजसाहेबांना पदपथ मोकळा मिळाला नाही, तर त्यांना वाहनांच्या रस्त्यावर उतरावे लागते. विहारातील अपघातांच्या बातम्या वाचून आपण हळहळतो, सभांतून चिंता व्यक्त करतो. पर्युषणात उपाश्रयाकडे निघालेल्या वृद्ध श्राविका आणि पाठशाळेला जाणारी मुलेही त्याच पदपथावरून चालतात. आपल्या दुकानापुढचा पदपथ गाड्यांनी, पुठ्ठ्याच्या खोक्यांनी आणि पुढे ओढलेल्या मांडणीने अडलेला असेल, तर त्या चिंतेत आपलाही वाटा आहे. अपरिग्रहाचे व्रत आपण धनाच्या संदर्भात ऐकतो. आपली नसलेली जागा अडवून न धरणे, हाही त्याचाच अर्थ आहे.

चारकोपमधील अंगणे पुढच्या काही वर्षांत बदलतील, काही नाहीशीही होतील. तिथे पायी येणाऱ्या माणसाला दुकानाच्या उंबरठ्यापर्यंत वाट राहील की नाही, हे मात्र अजून ठरायचे आहे. ज्यांच्या संस्थेची सभा येत्या काही महिन्यांत आहे, त्यांनी नकाशाची प्रत मागून घ्यावी, आपले दुकान त्यावर कुठे आहे ते पाहावे आणि आपले म्हणणे लेखी द्यावे.