मळ्यातले घर

पणजी हे शहर म्हणून फारसे जुने नव्हे. आदिलशहाचा वाडा मांडवीच्या काठी उभा राहिला तेव्हा त्याच्या पाठीमागे दलदल आणि माडांची बने एवढाच पसारा होता. रोगराईने ओस पडत चाललेले जुने गोवे सोडून पोर्तुगीज व्हाइसरॉय १७५९ साली ह्या वाड्यात राहावयास आला, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दोम मानुएल द पोर्तुगाल इ काश्त्रु ह्याच्या कारकिर्दीत चिखल बुजवून सरळ रस्ते आखले गेले, आणि १८४३ साली राजाज्ञेने पणजी राजधानी झाली. आमच्या इकडच्या एखाद्या देवळाच्या दीपस्तंभापुढे हे वय काहीच नाही. तरीही आल्तिनो टेकडीचा पूर्व उतार आणि ओरें खाडी ह्यांच्या चिंचोळ्या पट्टीत दाटीवाटीने बसलेला फोंताइन्यसचा भाग व त्याच्या दक्षिणेस लागून असलेला मळा येथे पाऊल टाकले की पाय आपोआप मंदावतो. येथील रस्ते मोटारींसाठी आखलेलेच नाहीत. ते माणसासाठी, फार तर त्याच्या घोडागाडीसाठी आखले आहेत.

फोंताइन्यस म्हणजे झऱ्यांची जागा. टेकडीतून पाझरणारे पाणी मळ्यात ज्या ठिकाणी बाहेर पडते तेथे फोंत फेनिक्स हा बांधीव झरा आजही आहे. मोझांबिकमधून परतलेल्या आंतोनियु जुआंव द सिकैर नावाच्या धनिकाने अठराव्या शतकाच्या अखेरीस येथे वस्ती वसविली. त्याला ‘मोस्मीकार’ म्हणत. मोझांबिकला आपल्या लोकांनी दिलेले हे रूप मला फार आवडते. वर टेकडीवर मारुती, खाली गल्लीत सां सेबास्तियांवचे कपेल. त्या कपेलात जुन्या गोव्याच्या इन्क्विझिशनच्या वाड्यातील क्रूस आहे, आणि त्यावरील ख्रिस्ताचे डोळे उघडे आहेत. माघाच्या सुमारास मारुतीची जत्रा भरते तेव्हा मळ्याच्या रस्त्यावर खाज्यांची दुकाने लागतात आणि पलीकडच्या गल्लीतली ख्रिस्ती कुटुंबेही ती घेण्यास येतात.

येथे दोन शब्द मार्गदर्शकांविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. शिक्षकाची खोड म्हणून वाचकांनी ती सोसावी. ‘३१ जानेवारी’ हे नाव असलेल्या रस्त्यावर उभे राहून हे लोक पाहुण्यांना बिनदिक्कत सांगतात की, त्या दिवशी १६४० साली पोर्तुगाल स्पेनपासून मुक्त झाला. ती मुक्ती १ डिसेंबरची. ३१ जानेवारी हा पोर्तु शहरात १८९१ साली झालेल्या प्रजासत्ताकवाद्यांच्या फसलेल्या उठावाचा दिवस आहे. त्याचप्रमाणे ही वस्ती ‘युनेस्को’च्या यादीत असल्याचेही ठोकून दिले जाते. त्या यादीत १९८६ पासून आहेत ती जुन्या गोव्याची चर्चे व मठ. असो.

मी मूळचा डिचोलीचा. नोकरीच्या निमित्ताने तालुके पालथे घालून झाल्यावर मांडवीच्या पलीकडे, पर्वरीस, तिसऱ्या मजल्यावर एक सदनिका घेतली होती. हवा चांगली, पाणी बरे, शेजारीही सज्जन. पण दूध आणावयाचे तरी दुचाकी काढावी लागे. वडील चौऱ्याऐंशी वर्षांचे. आयुष्यभर पायी हिंडलेला हा माणूस तेथे गच्चीतल्या खुर्चीचा कैदी झाला. खाली उतरले तरी समोर महामार्ग. “अरे, मला कुठे जायचं नाही रे, पण जाता येत नाही ह्याचं वाईट वाटतं,” असे ते एकदा म्हणाले. निवृत्ती दोन-तीन वर्षांवर आली होती. पर्वरीची सदनिका विकून पायी फिरता येईल अशा जागी घर घ्यावे, ही कल्पना त्या वाक्यातून निघाली.

फोंताइन्यसच्या मुख्य गल्ल्यांतील घरांचे भाव आमच्यासारख्यांनी विचारू नयेत असे आहेत. मळ्यात मात्र एक घर आमच्या ऐपतीत आले, आणि ते ऐपतीत का आले ह्याचे कारण तळमजल्यावरच्या पुढच्या खोलीत शिवणयंत्रावर बसले होते. त्या खोलीत चाळीस वर्षांपासून एक शिंपी भाड्याने दुकान चालवितो. भाडे महिना सत्तर रुपये. १९६८ च्या भाडेनियंत्रण कायद्याचे त्याला संरक्षण. मालकीणबाई ऐंशीच्या पुढच्या, एकट्या, सगळे त्यांना माई म्हणत. ज्याने ज्याने घर पाहिले त्याने त्याने “आधी भाडेकरू काढा, मग बोलू” असे म्हणून पाठ फिरविली होती.

पण भाडेकरूच्या आधी कागदांची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण गोव्यात घर घेणे म्हणजे एका घराण्याची वंशावळ पाठ करणे होय. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता येथे १८७० पासून लागू झाली. वारसाहक्कापुरता तिचा भाग आता २०१२ च्या गोव्याच्या स्वतंत्र कायद्यात आला असला तरी तत्त्व तेच आहे. वेगळा करार नसेल तर लग्न होताच पतिपत्नींची मालमत्ता सामाईक होते. म्हणून विकणाऱ्या भावाबरोबर त्याच्या पत्नीचीही सही लागते. मृत्युपत्राने सगळी इस्टेट एकालाच देता येत नाही. निम्म्यावर सक्तीच्या वारसांचा हक्क राहतो. कोणी वारस आपला हिस्सा परक्याला विकू लागला तर इतर वाटेकऱ्यांना अग्रहक्क असतो. माईंच्या यजमानांमागे वाटणीची कारवाई, जिला येथे सारे ‘इन्व्हेन्तार’ म्हणतात, ती झालीच नव्हती. वाटेकरी एक मुंबईस, एक बेळगावास, एक लिस्बनला. त्या सर्वांच्या बायका, आणि एका दिवंगत बहिणीची दोन मुले. लिस्बनचे मुखत्यारपत्र तेथील भारतीय वकिलातीतून साक्षांकित होऊन येण्यास आठ महिने लागले. नगर भूमापनाच्या उताऱ्यावर, म्हणजे ज्याला आम्ही ‘फॉर्म डी’ म्हणतो त्यावर, अजून यजमानांच्या वडिलांचे नाव होते. तो उतारा, त्यावरील पी.टी. शीट व चलता क्रमांक, दुय्यम निबंधकाकडील बोजा नसल्याचा दाखला आणि जुन्या पोर्तुगीज नोंदणीचा उतारा हे एकमेकांशी जुळेपर्यंत इसाराचा एक रुपयाही देऊ नये, असे मी वाचकांना आग्रहाने सांगेन. आमच्या प्रकरणात परसातल्या विहिरीचा अर्धा भाग नकाशात शेजाऱ्याकडे निघाला. तो शेजारी भला, म्हणून दोन बैठकांत भागले. एकूण दोन पावसाळे गेले.

ह्या काळात सल्लागारांची कमतरता नव्हती. एका मध्यस्थाने तर भाडेकरू ‘मोकळा’ करून देण्याची रक्कमही सांगितली. त्या रकमेत काय काय अंतर्भूत आहे हे मी विचारले नाही. घरातही मतभेद होता. सौ.चे म्हणणे असे की, आपण पुंजी घालून घर घ्यायचे आणि पुढची खोली दुसऱ्याची, तर आल्यागेल्याला बसवायचे कुठे? तिचा मुद्दा खोटा नव्हता.

मोजमापासाठी फीत घेऊन मी त्या खोलीत गेलो तेव्हा शिंप्याने शिवण थांबविली. येथे शिंप्यालाही मास्तर म्हणतात आणि मलाही, तेव्हा एका मास्तराने दुसऱ्याला विचारले, “मास्तर, मशीन कधी उचलू?” आवाजात राग नव्हता. भिंतीवर शाळेच्या गणवेशांची मापे खडूने लिहिलेली होती. त्यांतली काही पुसटली होती, ज्यांची ती मापे ती मुले आता बाप झाली असावीत. मी म्हटले, “मशीन राहू दे. मला फक्त छपराची लांबी हवी.” घरी आल्यावर सौ.ला सांगितले की खोली त्याचीच राहील. ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, “मग माडीवरची खिडकीची जागा माझी.” ती तिला मिळाली. शिंप्याने भाडे आपण होऊन वाढविले. किती, हे आम्हा दोघांत आहे. कायद्याने मला तो प्रश्न विचारण्याची वेळ आली नाही ह्यात मला समाधान आहे.

आता घराविषयी. भिंती जांभ्या चिऱ्याच्या, हात-दीड हात जाड, वर चुन्याचा गिलावा, छप्पर मंगळुरी कौलांचे. रस्त्याकडच्या एका खिडकीला अजून शिंपल्यांची तावदाने आहेत; त्यांतून उन्हाचे दूध होऊन आत येते. माईंनी एका खोलीला मागे कधी सिमेंटचा गिलावा केला होता, आणि ओल नेमकी तेथेच होती. जांभा पाणी पितो आणि उन्हाळ्यात ते सोडतो. चुना त्याला श्वास घेऊ देतो, सिमेंट देत नाही. तो गिलावा खरवडून पुन्हा चुना लावण्यास जो गवंडी मिळाला तो सत्तरीचा होता, आणि त्याचा मुलगा हे काम करीत नाही. वाशांना वाळवी होती, चार वासे बदलले. दर्शनी बाजू मात्र आपल्या मर्जीने बदलता येत नाही; हा भाग जतनक्षेत्रात मोडतो आणि खिडकीचा आकार बदलावयाचा तरी नियोजन प्राधिकरणाची परवानगी लागते. मला हे जाचक वाटले नाही, पण परवानगीच्या खिडकीपुढील रांग वाटली.

अशी घरे डिसेंबरात पाहू नयेत. डिसेंबरात मळा फार देखणा दिसतो. आषाढात, भरतीच्या वेळी, धो धो पाऊस चालू असताना जाऊन पाहावे. टेकडीवरचे पाणी खाली येते, खाडी भरलेली असल्याने ते पुढे सरकत नाही, आणि सखल गल्ल्यांत घोटाभर साचते. आम्ही असे तीनदा गेलो. आमच्या उंबऱ्याच्या दोन पायऱ्या खाली पाणी थांबले, तेव्हा वडिलांनी मान डोलावली.

पायी चालण्याचे म्हणाल तर येथून कदंबचा बसथांबा दहा मिनिटांवर. खाडीचा पूल ओलांडला की पाटोवर कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय आहे. १८३२ साली सुरू झालेली ही संस्था पायी जाण्याच्या अंतरात असणे ह्याहून मराठीच्या शिक्षकाला अधिक काय हवे? महालक्ष्मीचे देऊळ, टपाल कचेरी, बाजार सारे चालत. आल्तिनोवर जाण्यास पायऱ्या आहेत. पहाटे पोदेर सायकलचा भोंगा वाजवीत येतो आणि सौ. त्याच्याकडून गरम उंडे घेते. वडील रोज फोंत फेनिक्सपर्यंत जातात, तेथे बसतात आणि परत येताना शिंप्याच्या बाकावर थांबतात. घरी येण्यास त्यांना आता फार उशीर होतो, कारण वाटेत पाच-सहा ठिकाणी बोलावे लागते. १९८६ च्या ५ जुलैला मांडवीचा पहिला पूल कोसळला, त्यानंतर फेरीबोटीने पणजीस येताना काय हाल झाले ह्याची गोष्ट ते शिंप्याला सांगतात. ती त्याने किमान वीस वेळा ऐकली असेल.

सगळे गोड आहे असे नाही. अलीकडे २०२३-२४ मध्ये शहरभर रस्ते खणले गेले तेव्हा महिनोन्महिने धूळ खाल्ली. पर्यटक आमच्या शेजारणीच्या वाळत घातलेल्या लुगड्यासमोर उभे राहून छायाचित्रे काढतात. फोंताइन्यसात तर लोकांनी दारावर ‘येथे माणसे राहतात’ अशा अर्थाच्या पाट्या लावल्या आहेत. पण मला ह्याहून काळजी वाटते ती अंधाऱ्या खिडक्यांची. एकेक घर विकले जाते, त्याला सुंदर रंग लागतो, आणि त्याची अतिथिगृहे होतात. जुने लोक सांगतात की, पोर्तुगीज अमदानीत पावसाळ्यानंतर घर रंगविणे सक्तीचे होते आणि पांढरा रंग चर्चांसाठी राखलेला असे. आज सक्ती नसताना रंग अधिक उजळ आहेत, पण पावसाळ्यात, पाहुणे नसताना, आमच्या गल्लीतून रात्री नऊ वाजता चालत गेलो तर मी उजेड मोजू शकतो. ज्या वस्तीत सकाळी गणवेशातली मुले बाहेर पडत नाहीत तिचे काय होते हे ग्रामीण शाळा चालविलेल्या माणसास कोणी सांगावे लागत नाही. शिंप्याकडे यंदा गणवेशांची कामे अकरा आली. त्याने ती मापेही भिंतीवर खडूने लिहिली आहेत.

माई बेळगावास मुलाकडे गेल्या. जाताना त्यांनी तुळशीवृंदावन नेले नाही. मुलाच्या घरी जागा नाही म्हणाल्या. गेल्या दिवाळीत त्यांचे पत्र आले, त्यात पाणी कोण घालते असे विचारले होते. मी लिहिले, सकाळी सौ. घालते आणि ती गावी गेली तर मास्तर. कोणते मास्तर, ते मी लिहिले नाही.

मागील पडवीची कौले अजून बदलायची आहेत. जुन्या ठशाची शंभरएक कौले म्हापशाच्या एका पाडलेल्या घरातून मिळाली आहेत, ती परसात विहिरीजवळ रचून ठेवली आहेत.