काळी एकचा पंखा

आमच्या फॅमिली रूममध्ये टीव्हीखालच्या कपाटावर एक काळा चपटा डबा आहे. पाहुण्यांना तो जुना व्हीसीआर वाटतो. निवृत्त झाल्यावर मी सुटे भाग आणून स्वतः जोडलेला तो कॉम्प्युटर आहे. दर भारतवारीत आणलेल्या कॅसेट, व्हीसीडी, नाटकं, मैफली, जुने मराठी चित्रपट, सगळं मी त्यात उतरवून ठेवलंय. मुलगा त्याला होम थिएटर पीसी म्हणतो, आमची ही ‘तुमची पेटी’ म्हणते.

मिशिगनच्या हिवाळ्यात संध्याकाळी साडेपाचलाच अंधार पडतो. तेव्हापासून जेवणापर्यंत दोघांनी मिळून काहीतरी बघायचं, असा आमचा बेत होता. पण सलग दोन हिवाळे असं झालं, की ही वीस मिनिटं बसायची आणि उठायची. “तुम्ही बघा, मी जरा ओटा आवरते.” मला वाटलं, माझी निवड आवडत नाही. संगीत नाटकांवरून मी विनोदी चित्रपटांवर आलो, तरी ओटा काही आवरून होईना. शेवटी एकटाच बघू लागलो, आणि खरं सांगायचं तर थोडा रुसलोही.

मग एकदा मैफल लावली होती. बुवा आलापात थांबले, तंबोरे तेवढे उरले, आणि ही म्हणाली, “अहो, बुवा थांबले की तुमची पेटी गायला लागते. मला दुसरं काही ऐकूच येत नाही.”

हिने श्रवणयंत्रं घेतली त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. तुम्ही एव्हाना जोडी जुळवली असेल. मला ते दोन वर्षं सुचलं नाही. श्रवणयंत्र मोठा आवाज थोडा वाढवतं आणि बारीक आवाज जास्त वाढवतं, ते त्याचं कामच आहे. माझ्या कानांना ज्याची सवय होऊन गेली होती, तो पंखा हिच्या कानात पिठाच्या गिरणीसारखा चालत होता. आणि मी कोण? तेहतीस वर्षं फ्लुइड मेकॅनिक्स शिकवलेला, दर वर्षी एक तास पंख्यांच्या नियमांवर खर्च केलेला माणूस!

दुसऱ्या दिवशी डबा उघडला. आत ८० मिलिमीटरचा पंखा, सात पाती, मिनिटाला २४०० फेरे. म्हणजे सेकंदाला ४०. गुणिले सात, २८० हर्ट्झ. घरातल्या हार्मोनियमवर काळी एक दाबून पाहिली. ती २७७ च्या आसपास. बुवाही काळी एकमध्येच गात होते. म्हणजे माझा पंखा त्यांच्या षड्जाला चिकटून, पण किंचित चढा, अखंड सूर धरून बसला होता. हिचं गाणं लग्नाआधीपासूनचं. उठून जाईल नाही तर काय करेल?

आता उपाय. एकाच घडणीचे दोन पंखे घेतले, तर वारा फेऱ्यांच्या प्रमाणात वाढतो, पण व्यासाच्या घनाच्या प्रमाणात. ८० ऐवजी १२० मिलिमीटरचा पंखा लावला की दीडचा घन, सुमारे ३.४. तेवढाच वारा मिळवायला २४०० ऐवजी ७०० फेरे पुरतात. आवाज साधारण १४ डेसिबलने उतरतो. दहा डेसिबल म्हणजे कानाला जवळपास निम्मा. शिवाय पात्यांचा सूर २८० वरून ८० हर्ट्झच्या पुढेमागे येतो, आणि इतक्या खर्जातल्या हलक्या आवाजाला आपला कान मंद असतो. मोठा पंखा, सावकाश फिरणारा. ही एवढी ओळ लक्षात ठेवलीत तर बाकीचा लेख सोडून फराळाकडे वळायला हरकत नाही.

पण मोठा पंखा माझ्या डब्यात बसेना. झाकणाला गॅरेजमध्ये भोक पाडलं आणि त्यावर आडवा बसवला. इथे मी कंजूषपणा केला. खोक्यावर ‘सायलेंट’ छापलेला स्वस्त पंखा घेतला. कंपनीचं नाव घेत नाही. त्याचं बेअरिंग साधं स्लीव्ह जातीचं, आणि असे पंखे आडवे टाकले की लवकर झिजतात. चार महिन्यांत तो कुरकुरू लागला. मग फ्लुइड बेअरिंगचा, ऑस्ट्रियाच्या नॉक्टुआ कंपनीचा आणला. रंग तपकिरी आणि बदामी, अगदी चहा-बिस्किट. दिसायला कसाही असो, झाकणाखाली कोण बघतंय?

तरीही कुठेतरी घूं घूं उरलीच. ती पंख्याची नव्हती, कपाटाची होती. पोकळ लाकडी कपाट म्हणजे तंबोऱ्याचा भोपळाच की! पंख्याचे लोखंडी स्क्रू काढून रबराच्या खुंट्या घातल्या, डब्याखाली जाड फेल्ट ठेवलं, आणि भोपळा गप्प झाला. झाकणावर हौसेनं बसवलेली नक्षीदार जाळीही काढली, कारण पात्यांना खेटून असलेली जाळी वाऱ्याला शिट्टी वाजवायला लावते. तिथे साधी तारेची जाळी पुरते.

एक चूक मात्र तुम्ही करू नका. मी कॉम्प्युटर जितका थंड तितका चांगला असं धरून पंखा तापमानाला बांधला होता. तापमान दोन अंश हललं की पंखा चढायचा, लगेच उतरायचा. एकसारख्या आवाजाला कान काही वेळानं सरावतो, अशा चढउताराला कधीच नाही. आता तो एकाच वेगात चालतो, चित्रपट चालू असताना प्रोसेसर ६० अंशांच्या आत राहतो. त्याला तेवढं चालतं.

परीक्षा हिनेच घेतली. फोनवरच्या आवाज मोजणाऱ्या ॲपवर माझा भरवसा नाही; शांत खोलीत तो स्वतःचीच कुजबुज मोजतो. घराचा फर्नेस बंद केला, नाहीतर त्याच्या ब्लोअरखाली सगळं झाकलं जातं. थंडीत शाल गुंडाळून ही डोळे मिटून बसली. मी न सांगता पंखा चालू-बंद करत होतो. तिने तीनदा चुकीचं उत्तर दिलं. माझ्या सगळ्या कारकिर्दीत कुणाच्या चुकीच्या उत्तरानं मला एवढा आनंद झाला नव्हता.

मग तीच मैफल पुन्हा लावली. या वेळी बुवा थांबले तेव्हा ही पुढे सरकून म्हणाली, “जोडीतल्या एका तंबोऱ्याची जवारी जरा बिघडलीय, नाही?” मला ती ऐकू आली नाही. मी हो म्हणालो.

ओटा हल्ली मैफल संपल्यावर आवरला जातो, बहुतेक वेळा माझ्याकडून. परवा मात्र हिने स्वयंपाकघराकडे बोट दाखवून सांगितलं, की आपला फ्रीज पांढरी सातच्या जरा खाली लागलाय.