मर्यादेच्या आकड्यामागे

माझ्यावर ज्यांचं ऋण आहे त्यांच्यात एक गृहस्थ असे की आपलं नाव छापून आलेलं त्यांना कधी आवडलं नाही. म्हणून इथेही मी त्यांना नुसतं सर म्हणणार आहे. भाभा अणुसंशोधन केंद्रात त्यांनी सगळी हयात किरणोत्सर्गापासून संरक्षण या एकाच विषयात घालवली. भारतात या विषयाचा पाया घालणारे डॉ. अनिल कुमार गांगुली हे त्यांचे गुरू. हुबळीत कॅन्सरच्या रुग्णांसाठी मी जे काम केलं, ते उभं राहिलं सरांच्या शिकवणीवर.

मी धारवाडच्या मालमड्डीतली. वडील हुबळीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये. घरात मराठी, अंगणाबाहेर कन्नड, आणि कर्नाटक विद्यापीठात एम.एस्सी.चं फिजिक्स इंग्रजीतून. विद्यापीठाच्या आमच्या विभागात गॅमा किरणांवर संशोधन चालायचं, त्यामुळे शिशाच्या विटा आणि काउंटर मला तिथेच ओळखीचे झाले. एका प्राध्यापकांनी सांगितलं, मुंबईत रेडिओलॉजिकल फिजिक्सचा एक वर्षाचा डिप्लोमा आहे, अर्ज कर. जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं १९६२ साली सुरू झालेला हा अभ्यासक्रम. देशभरातल्या रुग्णालयांना लागणारे भौतिकशास्त्रज्ञ तिथून तयार होत. माझी निवड झाली. मीटरगेजनं मिरज, तिथे गाडी बदलून मुंबई, असा प्रवास करून मी ट्रॉम्बेच्या भाभा केंद्रात पोहोचले.

सरांचा पहिलाच तास मला अजून जसाच्या तसा आठवतो. त्यांनी फळ्यावर एक आकडा लिहिला: वर्षाला ५ रेम, म्हणजे आजच्या एककात ५० मिलिसिव्हर्ट. किरणोत्सर्गात काम करणाऱ्यांसाठी तेव्हाची ही वार्षिक मर्यादा. "हा आकडा कुणी दिला?" त्यांनी विचारलं. आम्ही पाठ केलेलं उत्तर दिलं: किरणोत्सर्ग संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगानं, जो १९२८ साली स्थापन झाला. सर म्हणाले, "आयोगानं तो लिहिला. दिला दुसऱ्यांनी."

मग ते तासभर माणसांबद्दल बोलले. एडिसनचा सहायक क्लॅरेन्स डॅली: क्ष-किरणांच्या प्रयोगांत त्याचे हात सडले, कापावे लागले, आणि १९०४ साली तो गेला. घड्याळाच्या तबकड्यांवर रेडियमचा रंग भरणाऱ्या अमेरिकेतल्या मुली: ब्रशला टोक यावं म्हणून तो ओठांत धरायला त्यांना शिकवलं होतं, त्यांची जबड्याची हाडं झिजली. हॅम्बुर्गच्या एका रुग्णालयाच्या आवारात १९३६ साली उभारलेलं स्मारक: क्ष-किरणांनी बळी गेलेल्या दीडशेहून अधिक डॉक्टर, तंत्रज्ञ आणि परिचारिकांची नावं त्यावर कोरली होती. आणि सगळ्यांत मोठा वाटा हिरोशिमा-नागासाकीचा. १९५० पासून सुमारे १,२०,००० जणांच्या प्रकृतीचा पाठपुरावा तिथे सुरू आहे. कोण किती अंतरावर होता, भिंतीआड होता की उघड्यावर, त्याला पुढे काय झालं, कधी झालं, याची नोंद पिढ्यान्‌पिढ्या ठेवली गेली. त्या नोंदींमधून आमचा आकडा निघतो. "तुम्ही हा आकडा वापराल तेव्हा एवढं लक्षात असू द्या की तो तुम्हाला फुकट मिळालेला नाही," असं म्हणून सरांनी तास संपवला. मला वाटतं, मी त्या दिवशी या कामाशी बांधली गेले.

शिकून आले आणि हुबळीतल्या एका रुग्णालयात कोबाल्ट यंत्रावर रुजू झाले. नवलगुंद, गदग, हावेरी, बागलकोट, इकडे शिरसी-कारवार, कुठून कुठून रुग्ण यायचे. बहुतेक शेतकरी, कापूस-मिरचीवाले. बायकांमध्ये गर्भाशयमुखाचा कॅन्सर फार, पुरुषांमध्ये तंबाखूमुळे तोंडाचा. यंत्राच्या डोक्यात, जड धातूंच्या कवचाआड, कोबाल्ट-६० चा काही हजार क्युरींचा स्रोत. त्याचं अर्धायुष्य ५.२७ वर्षं, म्हणजे दर महिन्याला ताकद साधारण एक टक्क्यानं उतरते. म्हणून दर महिन्याला उपचाराची वेळ नव्यानं काढायची. हे गणित आधी मी करायचे, पण सरांनी सांगून ठेवलं होतं की दुसऱ्या माणसानं ते स्वतंत्रपणे केल्याशिवाय यंत्राला हात लावायचा नाही.

पुढे सर एकदा आमच्याकडे पाहणीला आले. मला वाटलं, आधी कागद मागतील. त्यांनी विचारलं, "ही खोली झाडतं कोण?" आमच्या झाडूवाल्या अक्कांना बोलावलं. सरांनी मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये त्यांना दारावरचा लाल दिवा, भिंतीवरचा मॉनिटर आणि आणीबाणीचं बटण दाखवलं. दिवा लाल असेल तर कोणीही, अगदी मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं तरी, आत जायचं नाही, असं अक्कांकडून परत वदवून घेतलं. मग मला म्हणाले, "या खोलीत रोज येणारं आणि सगळ्यांत कमी माहिती दिलेलं माणूस हेच असतं. संरक्षणाची सुरुवात तिथून करायची." पुढे मी जिथे जिथे प्रशिक्षण दिलं तिथे पहिली रांग सफाई कामगारांची ठेवली, ती या एका दिवसामुळे.

बॅजचंही तसंच. छातीवर लावायचा तो टीएलडी बॅज दिसायला साधा. आत डिस्प्रोशियम मिसळलेल्या कॅल्शियम सल्फेटच्या तीन चकत्या असतात. किरणोत्सर्गाची ऊर्जा त्या साठवून ठेवतात आणि प्रयोगशाळेत तापवल्या की तेवढा प्रकाश देतात. त्या प्रकाशावरून तीन महिन्यांत किती मात्रा लागली ते कळतं. एक कंट्रोल बॅज मात्र कोणी लावायचा नाही, तो किरणांपासून दूर ठेवायचा, म्हणजे निसर्गाचा वाटा वजा करता येतो. शिशाचा एप्रन घातला असेल तर बॅज एप्रनच्या आत. एप्रनला अडकवून तो क्ष-किरणांच्या खोलीत रात्रभर खुंटीवर राहिला, तर न लागलेली मात्रा माणसाच्या नावावर चढते. या बारीकसारीक गोष्टी सर एकेका सिस्टरला शांतपणे समजावून सांगत.

आणीबाणीची तालीमही त्यांनीच लावून दिली. कोबाल्टचा स्रोत उपचारानंतर कवचात परत गेला नाही तर काय करायचं? आणीबाणीचं बटण दाबायचं. तरी दिवा लाल राहिला तर घड्याळ पाहून वेळ लिहायची. शलाकेत न येता बाजूनं आत शिरायचं, आधी रुग्णाला बाहेर काढायचं, दार लावायचं, आणि मगच यंत्राचा विचार. स्रोत हातानं मागे ढकलायची टी-रॉड दाराजवळच टांगलेली हवी. टेबलावर वळकटी ठेवून ही तालीम आम्ही नियमानं करायचो.

एका दुपारी ती खरीच करावी लागली. नवलगुंदकडच्या एक अज्जी टेबलावर होत्या. टायमर शून्यावर आला, दिवा लालच. माझ्याबरोबर आमचे तंत्रज्ञ अण्णा होते. माझे हात थरथरत होते. अण्णा म्हणाले, "अवसर ब्याडरी, मॅडम," घाई करू नका, आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. मी वेळ लिहिली. ते भिंतीच्या कडेनं आत गेले, टेबल शलाकेखालून ओढलं, अज्जींना उतरवून बाहेर आणलं. सगळं अर्ध्या मिनिटाच्या आत. दार लावलं, मग टी-रॉडनं स्रोत मागे सारला. नव्या स्रोताचा ८० सेंटिमीटरवरचा दर मिनिटाला साधारण दोन ग्रे, म्हणजे रुग्णाला दिवसभरात द्यायची जेवढी मात्रा तेवढी. आमचा स्रोत जुना होऊन निम्म्यावर आला होता. लिहून ठेवलेल्या वेळेमुळे अज्जींना जास्तीची मात्रा किती गेली ते नेमकं काढता आलं आणि डॉक्टरांनी ती पुढच्या दिवसांत वजा केली. अण्णांच्या बॅजवरची मात्रा मर्यादेच्या कितीतरी खाली निघाली. अज्जींचे उपचार पूर्ण झाले. सरांना फोन केला तेव्हा ते म्हणाले, "अण्णा कुठल्या बाजूनं गेले, ते लिहा. दुसऱ्या रुग्णालयांना उपयोगी पडेल." अज्जींचं, अण्णांचं आणि माझं त्या अर्ध्या मिनिटातलं रक्षण सरांनी मुंबईत बसून केलं होतं, असंच मी मानते.

त्याच वर्षांत आमच्या भागात कैगाचा विषय पेटलेला होता. घाटाखाली काळी नदीच्या काठी अणुवीज केंद्र उभं राहत होतं, आणि ज्ञानपीठविजेते डॉ. शिवराम कारंत त्याच्या विरोधात उभे होते. १३ मे १९९४ ला बांधकाम चालू असतानाच एका अणुभट्टीच्या आतल्या घुमटाचा भाग कोसळला. भट्टीत तेव्हा इंधन नव्हतं, पण धारवाडात घरोघरी चर्चा झाली. मी सरांना स्पष्ट विचारलं, लोकांना काय सांगू? ते म्हणाले, "विचारणाऱ्याला कधी अडाणी समजू नका. विचारण्याचा हक्क त्यांचा आहे, उत्तराची जबाबदारी आपली." अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ साली स्थापन झालं ते याचसाठी, असं ते सांगत: बांधणाऱ्याला 'थांब' म्हणणारं कोणीतरी हवं. कैगाचं काम खरोखरच थांबलं, घुमटाचा आराखडा बदलला आणि पहिले दोन संच २००० साली व्यावसायिक उत्पादनात आले. केंद्र सुरू होण्याआधीपासून परिसरातलं पाणी, दूध, मासे, भात तपासून नोंदी ठेवणारी प्रयोगशाळा तिथे आहे, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. कैगाच्या पहिल्या संचानं २०१८ अखेर सलग ९६२ दिवस चालण्याचा जागतिक विक्रम केला. पण सरांच्या शिकवणीमुळे मला त्या विक्रमाइतकंच मोल त्या दूध-भाताच्या नोंदींचं वाटतं.

सर निवृत्त होऊन पुण्याला गेले, तरी लक्ष होतं. एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगारबाजारात कोबाल्ट-६० सापडलं. दिल्ली विद्यापीठातलं, १९८५ पासून वापरात नसलेलं यंत्र लिलावात भंगार म्हणून विकलं गेलं होतं. एका कामगाराचा जीव गेला, इतर कित्येक जण आजारी पडले. १९८७ साली ब्राझीलच्या गोयानियात असंच झालं होतं: बंद पडलेल्या दवाखान्यातला सीझियम-१३७ चा स्रोत भंगारात गेला, चार माणसं मेली, लाखाहून जास्त लोकांची तपासणी करावी लागली. मायापुरीची बातमी आली त्या रात्री सरांचा फोन आला. "तुमच्या इमारतीत किती स्रोत आहेत? आणि तुम्ही नसाल तर हे कोणाला माहीत आहे?" दुसऱ्या दिवशी आम्ही कपाटं उघडली. मोठा कोबाल्ट सगळ्यांना ठाऊक होता. उपकरणं तपासायचा स्ट्रॉन्शियम-९० चा छोटा स्रोतही नोंदवहीत चढवला, दोन माणसांच्या सह्या घेतल्या, किल्ली दोघांकडे ठेवली. वापर संपलेला स्रोत पुरवठादाराकडे परत गेल्याची पावती हातात येईपर्यंत तो आपलाच, हा सरांचा नियम मी पुढच्या सगळ्यांना शिकवला.

आता सर नाहीत. मीही निवृत्त आहे, पण हुबळी-धारवाडच्या लहान एक्स-रे केंद्रांत शिकवायला जाते. तिथे तरुण तंत्रज्ञ पुष्कळदा बॅज टेबलाच्या खणात ठेवतात. रीडिंग जास्त आलं तर चौकशी होईल ही भीती. त्यांना मी सरांच्या फळ्यावरच्या आकड्याची पुढची गोष्ट सांगते. १९९० साली तो आकडा उतरला. हिरोशिमा-नागासाकीतल्या मात्रांचं गणित नव्यानं मांडलं गेलं, नोंदी आणखी वर्षांच्या झाल्या, आणि आयोगानं पाच वर्षांची सरासरी वर्षाला २० मिलिसिव्हर्टवर आणली. आपल्याकडे त्याशिवाय कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर जायचं नाही, आणि सामान्य नागरिकासाठी वर्षाला १.

यापुढचा आकडा कुठून येईल? थोडा आपल्या बॅजमधूनही येईल. देशातल्या किरणोत्सर्ग कामगारांच्या मात्रांची नोंद राष्ट्रीय पातळीवर ठेवली जाते. अण्णांची, सिस्टरांची, माझी तिथे आहे. खणात पडून राहिलेला बॅज त्या नोंदीत खोटं शून्य लिहितो, आणि त्या शून्यावर विसंबून उद्या कोणीतरी आपल्या लेकराला जन्म देईपर्यंत या खोलीत काम करत राहील. ज्यांच्या हाडांनी आणि हातांनी आपल्याला आकडा मिळवून दिला, त्यांना परत काही देता येत नाही. देता येते ती फक्त पुढच्यांसाठी खरी नोंद. म्हणून मी त्या मुलांना एवढंच सांगते: बॅज लावा, जिथे लावायचा तिथे लावा, आणि जे येईल ते लिहू द्या.