कांचेच्या पेटींतील भाऊबंदकी

मासा हा मोठा शांत प्राणी, अशी आपली एक समजूत असते. तो ओरडत नाहीं, गुरगुरत नाहीं, म्हणून त्याला रागही येत नसावा असें आपण धरून चालतों. आमच्या धंतोलींतील घरीं ओसरीवर माशांची पेटी आली आणि माझी ही समजूत जी ढासळली ती आजतागायत सांवरलेली नाहीं. पेटी चांगली तीन फूट लांब. तींत अंगावर काळे पट्टे असलेले पांच टायगर बार्ब आणि लांब, झिरझिरीत परांचे दोन एंजल सोडले होते. विक्रेत्यानें 'हे सारे गुण्यागोविंदानें नांदतात' असें छातीठोकपणें सांगितलें होतें. आठवडा उलटण्यापूर्वींच एका एंजलचे पोटाखालचे दोऱ्यासारखे पर निम्मे झाले, शेपटीची कड चिंधीसारखी लोंबूं लागली, आणि तो बिचारा अन्न सोडून एका कोपऱ्यांत निश्चल उभा राहूं लागला.

आजी म्हणाली, "अरे, त्यांत जो द्वाड असेल त्याला वेगळा काढा, म्हणजे झालें." द्वाड कोण हें ओळखण्यास वेळ लागला नाहीं. त्याला बादलींत ठेविलें. दोन दिवस शांततेंत गेले. तिसऱ्या दिवशीं, कालपर्यंत मुकाट्यानें मागें मागें असणारा दुसरा बार्ब पुढारी होऊन एंजलच्या पाठीस लागला! मला याचें मोठें नवल वाटलें.

कारण पुढें वाचनांत आलें. हे बार्ब सुमात्रा, बोर्निओ इकडील. ते थव्यानें राहतात आणि थव्यांत प्रत्येकाची पायरी ठरलेली असते. पहिला गेला कीं गादी दुसऱ्याकडे येते. थवा मोठा असला तर मानापमानाचा हा खेळ ते आपसांतच खेळतात; चारपांचच असले, म्हणजे लांब पर लोंबवीत सावकाश चालणारा एखादा परका मासा त्यांच्या डोळ्यांत भरतो.

कित्येक जातींत मात्र वैर घरांतलेंच असतें. कॉनराड लोरेन्त्स या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञांना १९७३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. त्यांनीं १९६३ च्या आपल्या ग्रंथांत पोवळ्यांच्या खडकांवरील रंगीबेरंगी माशांविषयीं लिहिलें आहे कीं, ते परक्या जातीला सोडून स्वजातीयावरच तुटून पडतात. अन्नाचा आणि जागेचा खरा वाटेकरी तोच ना! आपल्याकडील शेताच्या बांधावरची भाऊबंदकी याहून फारशी निराळी नाहीं. सयामच्या फायटर माशाचे नर तर एकमेकांस पाहतांच कल्ले फुगवून सज्ज होतात. त्यांच्या झुंजी लावून लोक पैजा मारीत आले आहेत. तोच मासा २०१९ सालीं थायलंडचा राष्ट्रीय जलचर ठरला.

परंतु नदीनाल्यांत हीं भांडणें सहसा जिवावर बेतत नाहींत. हरलेला पर मिटून गवतांत निसटतो, जिंकलेला आपल्या हद्दीवर परततो, आणि प्रकरण तेथेंच संपतें. कांचेच्या पेटींत पळणारा तीन फुटांवर कांचेला थडकतो; तो पुन्हां नजरेस पडतो आणि पुन्हां मार खातो. म्हणून आम्हीं पळून जाण्यास जागा करण्याचें ठरविलें. सारे दगड हलवून नव्यानें मांडले. जुन्या हद्दी पुसल्या गेल्या कीं मालकीचा माजही कांहीं काळ उतरतो. पाणवनस्पती दाट लावल्या, मातीची एक कुंडी आडवी ठेविली, बार्बांची संख्या आठ केली आणि दोन्ही एंजलांना दुसऱ्या पेटींत हलविलें.

राहिली शुश्रूषा. आमच्या धंतोलींत माणसांसाठीं पावलोपावलीं दवाखाने आहेत, माशासाठीं एकही नाहीं. त्यामुळें वैद्य आम्हीच. माशाच्या अंगावर बुळबुळीत थर असतो, तेंच त्याचें चिलखत. तो खरवडला म्हणजे जखमेवर कापसासारखी पांढरी बुरशी धरते. यासाठीं जखमी माशाला कोरड्या हातानें धरूं नये. भांड्यानें उचलून निराळ्या पाण्यांत सोडावें. रोज चौथा हिस्सा पाणी बदलावें, मात्र नळाच्या पाण्यांतील क्लोरीन आधीं काढून टाकलेलें असावें. लिटरास एकदोन ग्रॅम साधें मीठ बहुतेक माशांना सोसतें. आणि आमच्या नागपूरच्या मे महिन्यांत, पारा पंचेचाळीसाच्या घरांत जातो तेव्हां, पाण्यांत हवेचे बुडबुडे सोडण्याची सोय बंद पडूं देऊं नये, कारण पाणी जसजसें तापतें तसतसा त्यांत प्राणवायु कमी मावतो. जखमी माशाला हा दुहेरी जाच होतो.

पर मुळापासून तुटला नसेल तर तो पुन्हां वाढतो. झेब्रा नांवाच्या लहानशा माशाची तुटलेली शेपटी दोनतीन आठवड्यांत भरून येते, आणि शास्त्रज्ञ त्यावरून जखमा भरण्याचें रहस्य शोधीत आहेत. आमच्या एंजलला मात्र अधिक दिवस लागले. चौथ्या दिवशीं त्यानें अन्नाचा पहिला कण टिपला, तेव्हां आजीनें देवघरांतून उठून येऊन तो पाहिला. फाटक्या कडेला प्रथम कांचेसारखी पारदर्शक किनार आली, मग तींत हळूहळू रंग भरला. एक पर किंचित वांकडा राहिला आहे.

आतां बार्ब आपसांत पाठशिवणी खेळतात. एंजलांच्या पेटींत मात्र गेल्या महिन्यापासून नवाच प्रकार सुरू झाला आहे : वांकड्या पराचाच एंजल दुसऱ्याला कोपऱ्यांत कोंडूं पाहतो. मातीची कुंडी मीं तिकडे नेऊन ठेविली आहे.