दुकान खाली, घर वर

पूर्वी बाजारपेठेतील अनेक व्यापारी कुटुंबांचे दुकान खाली आणि घर वर असे. जिना एकच, तरी गादीसमोर तासभर बसणारा जुना ग्राहकही बोलावल्याखेरीज तो चढत नसे. खाली मालाचा भाव, वायदा, उधारी यांची बोलणी होत. वर आजारपण, मुलीचे स्थळ, भावाभावांतील वाटणी यांची. माणसे तीच, पण दोन्हीकडच्या मर्यादा निराळ्या. हातातल्या मोबाईलने ही मर्यादा पुसून टाकली आहे. ज्या क्रमांकावर मालाची ऑर्डर येते, त्याच क्रमांकाच्या स्टेटसवर नातवाचा वाढदिवस आणि सहकुटुंब प्रवासाची छायाचित्रे झळकतात. ती पाहणाऱ्यांत आप्त असतात, तसे दोनदा माल नेऊन गेलेले अनोळखी लोकही असतात. आणि घराला आठ दिवस कुलूप आहे, हे त्या सर्वांना एकाच वेळी कळते.

गुप्तता हा व्यापाराचा जुना धर्म आहे. कोणाची किती उधारी थकली, हे मुनीम पेढीबाहेर बोलत नसे. बँकांच्या बाबतीत हीच रीत पुढे कायद्यात आली. ग्राहकाची माहिती गुप्त राखणे हे बँकेचे कायदेशीर कर्तव्य आहे, असे इंग्लंडच्या अपील न्यायालयाने टूर्निये खटल्यात ठरविले. आपल्याकडे राष्ट्रीयीकृत बँकांवर हे बंधन १९७० च्या कायद्याच्या कलम १३ ने घातले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला आणि २०२३ मध्ये संसदेने वैयक्तिक विदेच्या संरक्षणाचा कायदा केला. परंतु कायद्याचा मुख्य रोख इतरांनी आपली माहिती कशी वापरावी, याकडे आहे. घरच्यांनीच जी माहिती चव्हाट्यावर मांडली, ती कोणताही कायदा परत तिजोरीत ठेवू शकत नाही.

विवाहेच्छू मुलामुलींच्या परिचयपत्राचेच उदाहरण घ्यावे. जन्मतारीख, जन्मवेळ, आईचे माहेर, वडिलांचा मोबाईल, घराचा पत्ता, व्यवसाय, छायाचित्र. हे सारे एका पानावर असते. स्थळ पाहणाऱ्या चार घरांसाठी ते पान योग्यच. पण तेच पान गटागटांतून पुढे सरकत शेकडो अपरिचितांच्या हाती जाते. जन्मतारीख, आईचे नाव, नोंदविलेला मोबाईल क्रमांक हे तपशील बँकेत आणि अन्यत्र ओळख पटविण्यासाठी विचारले जातात, हे अनेकांच्या ध्यानी येत नाही. उद्या बँकेच्या नावाने फोन करणारा लबाड हेच तपशील अचूक सांगतो आणि समोरचा गृहस्थ विश्वास ठेवून ओटीपी देऊन बसतो. लग्न ठरल्यावरही ते पान फिरतच राहते; त्यात कोरलेल्या मुलीला मात्र कोणी विचारलेले नसते.

व्यापाऱ्याने अदृश्य राहावे, असा याचा अर्थ नव्हे. पाटीवाचून दुकान नाही. जीएसटी क्रमांकावरून पेढीचे नाव आणि व्यवसायाचा पत्ता कोणालाही पाहता येतो. तो पाहता यावा, हेच योग्य. गूगलवरील नोंद अद्ययावत असावी, दुकानाची वेळ खरी असावी, कोणी तक्रार लिहिली तर उत्तर संयमाने द्यावे. उत्तराच्या भरात त्या ग्राहकाची बाकी जाहीर करणे हे मात्र साख घालविण्याचे काम. गटात थकबाकीदाराचे नाव टाकून त्याला लाजविणारा तरुण एक वसुली कदाचित करीलही. पण वाचणारा प्रत्येक जण मनात नोंद करतो, की उद्या आपलीही चोपडी येथे उघडली जाईल.

उपाय फारसे खर्चाचे नाहीत. दुकानाचा क्रमांक निराळा असावा. बँकेत नोंदविलेला क्रमांक पाटीवर, बिलावर, परिचयपत्रावर छापू नये. व्हॉट्सअ‍ॅपवर दुहेरी पडताळणीचा सहा अंकी पिन ठेवावा. छायाचित्र व स्टेटस निवडक परिचितांपुरते करावे. आधारची प्रत द्यावी लागली आणि चालत असेल, तर केवळ शेवटचे चार अंक दाखविणारी प्रत द्यावी. प्रवासाची छायाचित्रे परतल्यावर दाखविली, तरी आनंद उणा होत नाही. परिचयपत्रावर जन्मतारखेऐवजी जन्मवर्ष आणि पत्त्याऐवजी गाव पुरते. उरलेले बोलणी पुढे गेल्यावर सांगता येते. एवढे करूनही पैसे गेलेच, तर लाजेने गप्प न बसता तत्काळ १९३० या क्रमांकावर आणि आपल्या बँकेला कळवावे. रक्कम पुढच्या खात्यांतून निघून जाण्यापूर्वी ती गोठविण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते.

आणि एक गोष्ट कोणत्याही यंत्रात बसवलेली नाही. सुनेचे छायाचित्र, नातवाची गुणपत्रिका, आजोबांचे रुग्णालयातील दिवस, यांतले काही बाहेर पाठविण्यापूर्वी ज्याचे ते आहे, त्याला विचारावे. घरातील वडीलधाऱ्याने हे विचारायला सुरुवात केली, तर मुले ते सांगावे न लागता शिकतील.