चार मिनिटांचा जलसा

चार मिनिटं म्हणजे किती, हे मोर्चात कळत नाही. ओपन माइकवर कळतं.

ओपन माइक म्हणजे मुंबई-पुण्यातल्या एखाद्या कॅफेतली खोली. खुर्च्या, एक माइक, एक स्टूल. नाव नोंदवायचं, चार-पाच मिनिटं मिळतात. काही ठिकाणी उभं राहायचे पैसे आपणच भरायचे. वेळ संपत आली की मागून दिवा दाखवतात. समोरचे निम्मे आपल्यासारखेच, नंबर लागायची वाट बघणारे. ते हसत नाहीत, मनात स्वतःचं पाठ करत असतात. फोनवर रेकॉर्ड करायचं आणि शेवटच्या लोकलमध्ये कानाला लावून ऐकायचं. कुठं हसले, कुठं खोकले. अशा कितीतरी रात्री गेल्या की एखादं मिनिट पक्कं होतं.

हे सगळं शिकता येतं. मांडणी आधी, फटका शेवटी, फटक्यानंतर गप्प. पण फटका कुणाला मारायचा, हे कुणी शिकवत नाही.

माझा एक किस्सा आहे. खोलीसाठी फोन केला. खोली रिकामी होती. मालकानं पूर्ण नाव विचारलं. सांगितलं. खोली भरली! फोन चालू असतानाच भरली. म्हाडानं मला नोकरीला ठेवावं. मी नुसतं आडनाव सांगत फिरतो, एक घर पडून राहणार नाही.

वस्तीत विहाराच्या ओट्यावर ऐकवला, पोरं लोळली. एक मावशी म्हणाली, ‘‘आरं, आमच्या येळंला फोन बी नव्हता. पायरीवरच भरायची खोली.’’ तिचा फटका माझ्यापेक्षा भारी!

कॅफेत तोच किस्सा सांगितला. शांतता. कुणी ग्लासात बघतंय, कुणी मोबाईलात. तेव्हा कळलं, या खोलीत भाडेकरू मी एकटाच. बाकी सगळे घरमालक.

नंतर एक जुना गडी खांद्यावर हात ठेवून म्हणाला, ‘‘चांगलं आहे रे, पण जड होतं. तू स्वतःवर घे ना. रंग, वस्ती, तुझं इंग्रजी. लोक फुटतील.’’

माझ्या आधीचा पोरगा आरक्षणावर बोलून टाळ्या घेऊन गेला होता. ते जड झालं नव्हतं.

मी म्हणालो, ‘‘दादा, माझ्यावर हसायला त्यांना तिकीट लागत नाही. फुकटातच हसत आलेत.’’

हा धंदा आपल्याला नवा नाही. गण, गवळण, बतावणी, वग हा तमाशाचा सांगाडा. सोंगाड्या पाटलाची टोपी उडवायचा ती पाटलाच्याच गावात. १९३०नंतर भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी तो सांगाडा ठेवला आणि आतला मजकूर बदलला. लोक हसायला आले आणि बाबासाहेबांचा विचार घेऊन घरी गेले. तिथं हसणारा आणि ज्याचं दुःख तो, एकच होता. माझी अडचण वेगळी आहे. मला मालकालाच हसवायचंय, तेही त्याच्यावरच.

असं झालेलं आहे. १९६१ साली शिकागोच्या प्लेबॉय क्लबात डिक ग्रेगरी हा काळा विनोदवीर दक्षिणेकडच्या गोऱ्या व्यापाऱ्यांपुढं उभा राहिला, वर्णभेदावरच बोलला आणि त्यांना हसवून उतरला. १९६३ साली तोच माणूस बर्मिंगहॅमच्या आंदोलनात तुरुंगात गेला. १९७२ साली आपण पँथर हे नाव तिकडून आणलं. हसू आणायचं राहिलं.

धोका आहेच. १ जानेवारी २०२१ला इंदूरच्या कार्यक्रमातून मुनव्वर फारुकीला पकडलं. सुप्रीम कोर्टाचा जामीन मिळेपर्यंत महिना उलटला. विनोद हलका असता तर एवढं जड कुलूप कशाला लागलं असतं?

आपल्यातलेच काहीजण म्हणतात, ‘‘पोरं मरतायत आणि तू दात काढतोयस?’’ बरोबर आहे, पोरं मरतायत. म्हणून तर तो किस्सा मी गाळत नाही. परवा कॅफेत मागच्या रांगेतला एकजण हसला आणि लगेच इकडंतिकडं बघितलं. चोरी पकडल्यासारखं. तेवढं मला पुरतं. त्याच्या घरची खोली त्यानं नुकतीच कुणालातरी नाकारली असेल.

तेव्हा कार्यकर्त्यांनो, शिबिरात आपली भाषणं दोन-दोन तास चालतात. त्यातली चार मिनिटं मला द्या.

दिवा मीच घेऊन येतो. माझ्यानंतर तो वक्त्यांनाही दाखवा.